स्लोचा स्क्रू

सत्तरच्या दशकाच्या आरंभी मी खर्ड्याजवळच्या एका गावात शिक्षक होतो. माझ्याकडे एक जुनी मोटरसायकल होती. पत्नीला सातवा महिना लागला होता, आणि तिला जामखेडच्या दवाखान्यात नेण्यासाठी दुसरे भरवशाचे साधन आमच्याजवळ नव्हते.

अशा वेळी गाडीने विचित्र खोड धरली. पळताना ठणठणीत, पण वळण आले, आडवे जनावर आले आणि मी रेस सोडली की इंजिन गप्प. एकदा मागून ट्रक येत असताना ती अशीच भर वळणावर थांबली. माझ्या खांद्यावरचा पत्नीचा हात घरी पोहोचेपर्यंत सैल झाला नाही.

मी प्लग घासला, पेट्रोलची तोटी पाहिली. काही सापडेना, तेव्हा जामखेडच्या मिस्त्रीला दोषी ठरवले, कारण पंधरवड्यापूर्वी कार्बोरेटर त्यानेच साफ केला होता. बाजाराच्या दिवशी वडिलांना मागे बसवून मी त्याच्याकडे गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "तुमचा हात लागल्यापासूनच ही बिघडली."

मिस्त्रीने रेस वाढवली, सोडली, बंद पडू दिली. पुन्हा तेच केले. मग कार्बोरेटरजवळ वाकला.

"गुरुजी, पेट्रोलच्या जेटचं भोक साफ हाय. पर ह्यो स्लोचा स्क्रू बघा. रेस सोडल्यावर इंजिन ह्याच्या जिवावर चालतं. कुणीतरी सैल केलाय, आन् तोबी चाकूनं. ताजा ओरखडा हाय. मिस्त्री हाय मी, कांदा चिरायला बसलो न्हाई."

गिऱ्हाइके हसली. वडील म्हणाले, "म्या फिरवला."

विहिरीवरचे ऑइल इंजिन त्यांनी वीस वर्षे सांभाळले होते. "उभ्या जागी लई थरथरायची ही. सूनबाई बसताना दचकती. आपलं इंजिन कसं, टुक... टुक... सावकाश चालतं. म्हनलं, हिलाबी तसंच लावावं."

सुनेशी सासऱ्याने थेट बोलण्याची आमच्याकडे रीत नव्हती. तिची भीती त्यांनी दुरूनच पाहिली होती आणि न विचारता त्यावर उपाय केला होता. हे मला त्याच क्षणी कळले. तरीही मी म्हणालो, "दादा, हे विहिरीवरचं इंजिन नाही. कळत नाही त्याला हात लावू नका."

"व्हय, चुकलं," ते म्हणाले.

मिस्त्री हळूच म्हणाला, "कान चांगला हाय त्यांचा, गुरुजी. फकस्त विहिरीचा हाय. बाबा, या, तुमीच लावा, मी दावतो."

वडील पुढे आले नाहीत. स्क्रू मिस्त्रीनेच आवळला. परतताना मागे बसलेल्या वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. सीटची कड धरून ते बसले होते. मिस्त्रीची आणि त्यांची, दोघांचीही क्षमा मागायला हवी होती. मी कोणाचीच मागितली नाही.

दवाखान्याच्या दिवशी मी अंगणात गाडी सुरू केली. ती पुन्हा थरथरू लागली. वडील ओट्यावरून उठून आत निघाले. पत्नीने पदर सावरला आणि माझ्याकडे पाहत, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "अहो, मामंजींना म्हणावं, एकदा ऐकून बघा. त्यांनी बरं म्हटल्याशिवाय मी बसत नाही."

वडील दारातच थांबले. मी स्क्रूड्रायव्हर त्यांच्यापुढे धरला. बराच वेळ तो माझ्याच हातात राहिला. मग ते आले, इंजिनाशी कान नेऊन उकिडवे बसले. पाव फेरा सैल केला. गाडी बंद पडली. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिले. मी नुसती किक मारली. त्यांनी किंचित आवळले, थांबले, पुन्हा किंचित.

"आता बसा म्हनावं."

जामखेडपर्यंत मी प्रत्येक वळणावर मुद्दाम रेस सोडली. इंजिन चालू राहिले. मागून पत्नी म्हणाली, "घरी गेल्यावर सांगा त्यांना."

संध्याकाळी मी वडिलांना सांगितले, "दादा, एकदाही बंद पडली नाही."

"व्हय?" ते म्हणाले, आणि माझ्याकरिता घोंगडीवर थोडे सरकले. मी त्यांच्याजवळ बसलो. मनातले दुसरे वाक्य मात्र तेव्हाही ओठांवर आले नाही. आज पन्नास वर्षे उलटल्यावर ते मी इथे लिहितो आहे: दादा, चुकलो मी.