पाठीमागचा गोल

तो गोल मी पाहिला नाही. स्टँडमध्ये साडेआठशे माणसं होती, त्यातल्या एकानेही पाहिला नाही. पाठीमागून फक्त एका बाईची आरोळी ऐकू आली, "गेला गो बाय, गेला!" पस्तीस वर्षं मी धोटा क्लबच्या सामन्यांना जातोय आणि ज्या गोलामुळे आमचा क्लब खालच्या गटात जायचा वाचला, नेमका तोच हुकला. तो कसा झाला हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. माझा स्वभाव चौकस आहे. घरी त्याला भोचकपणा म्हणतात.

आधी गोल मारणाऱ्या सागरला गाठलं. तो म्हणाला, "काका, हेडर मारताना मी डोळे मिटतो. लहानपणापासूनची सवय आहे." आमचा गोलकीपर तेव्हा खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. रेफरीला फोन केला तर त्याने मी कोण, कुठला, हे विचारून फोन ठेवून दिला. म्हणजे राहिली ती आरोळी मारणारी बाई. ती कोण हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कमळाताई, कोन गावच्या, बायकांच्या दारावरच्या सिक्युरिटी गार्ड.

पण कमळाताईंनी गोल पाहिला म्हणजे काय, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

आमचा क्लब लूमवाल्यांनी आणि आजूबाजूच्या गावांतल्या आगरी पोरांनी मिळून काढलेला. शर्ट निळा आणि छातीवर धोटा, मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो. आम्ही टाळ्यासुद्धा लूमच्या ठेक्यात वाजवतो, खटक-खट, खटक-खट. म्हणून आमच्या स्टँडला नाव पडलं खटाखट स्टँड. तीन वर्षांपूर्वी क्लब एका गोदामवाल्या शेठने घेतला. पहिल्या वर्षी शर्ट नारिंगी झाला. दुसऱ्या वर्षी छातीवरचा धोटा गेला आणि त्या जागी ट्रक आला. फुटबॉलच्या शर्टावर ट्रक! तरी आम्ही दातओठ खात गप्प बसलो. तिसऱ्या वर्षी कळलं की मैदानावर गोदाम उठणार आणि क्लब जाणार नव्या मुंबईला. तेव्हा मात्र डोकं फिरलं.

शेठने आल्या आल्या आणखी एक गोष्ट केली होती. पूर्णा गावातल्या त्याच्या गोदामांना जी एजन्सी गार्ड पुरवते, तीच मैदानावर आणली. आता गोदामातल्या गार्डची शिकवण कशी, तर येणाऱ्याला सोडायचं आणि जाणाऱ्याला तपासायचं, कारण माल जातो तो बाहेर. पहिल्याच सामन्याला आम्ही आत शिरलो तेव्हा कोणी बोट लावलं नाही. हरून बाहेर पडताना मात्र रांगा लावून प्रत्येकाची पिशवी उघडली. बायकांच्या दारात कमळाताई होत्या. त्यांनी माझ्या बायकोचा डबा उघडून उरलेल्या चकल्या बघितल्या आणि विचारलं, "या आत आनल्या तवा दाखवलेल्या का?"

बायको म्हणाली, "अहो ताई, इथून काय चोरून नेणार? आत एक गोलसुद्धा झाला नाही."

कमळाताई इतक्या हसल्या की डोक्यावरची टोपी खाली पडली. त्या दिवसापासून आमची ओळख.

पन्नाशीच्या बाई. माहेर पूर्णाचं. वडिलांच्या भातशेतीवर आता गोदाम आहे आणि त्याच गोदामाच्या दारावर यांची ड्युटी. रविवारी सामना असला की मैदानावर. गेट बंद झालं की त्यांनी स्टँडच्या पायथ्याशी उभं राहायचं, तोंड आमच्याकडे आणि पाठ मैदानाकडे. तीन वर्षं त्या सगळ्या सामन्यांना हजर होत्या आणि एकही गोल त्यांनी पाहिलेला नव्हता. मला याचं फार नवल वाटायचं. एकदा विचारलंच, "ताई, मागे काय चाललंय ते कळतं तरी का?"

"समदं कलतं, भाऊ. तुमी पुढं वाकलात की बॉल कोपऱ्यात हाय. डोक्यावर हात मारलात की गेला बाहेर. आन् ही निशा नखं खायला लागली की समजायचं, त्यांचा मानूस आपल्या गोलापाशी आला."

"आणि गोल झाला की?"

"मंग तर बघतच रावंसं वाटतं. इतकी चांगली दिसता तुमी समदी. बायकोशी भांडून आलेला मानूसबी चांगला दिसतो."

"एकदा वळून बघा की."

"ड्युटी हाय, भाऊ. गार्डचं तोंड मालाकडं." म्हणजे माल आम्ही. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

निशा कोनचीच, वीस वर्षांची. क्लबच्या मुलींच्या संघात डाव्या बाजूला खेळते आणि मोठ्या संघाचा सामना असला की आमच्या स्टँडमध्ये ढोल वाजवते. मैदान विकू नका म्हणून पहिला फलक तिनेच धरला. मार्चमध्ये फलकांचे तुकडे मैदानात गेले, सामना दहा मिनिटं थांबला आणि शेठ भडकला. हंगामाचा शेवटचा सामना राहिला होता. त्याआधी दारावर लावायचा बोर्ड छापायला आला तो कल्याण नाक्यावरच्या माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात. ढोल नाही, ताशा नाही, झेंडा नाही, फलक नाही, काळं कापड नाही, घोषणा नाही. आणि शेवटची ओळ: नियम मोडणाऱ्याचं नाव नोंदवून त्याला मैदानावर कायमची बंदी. आपल्याच हाताने आपल्याच बंदीचा बोर्ड छापताना जे होतं ते झालं. शिव्या मी मशीनला घातल्या.

त्याच दिवशी एजन्सीचा सुपरवायझर भूपेश रजिस्टर घेऊन कमळाताईंकडे गेला. "खटाखट स्टँडमधला एकेक माणूस तुला नावानिशी माहीत आहे. मला नावं पाहिजेत. पहिलं निशाचं. रजिस्टर कोरं आलं तर सोमवारपासून घरी बस."

निशाला बंदी म्हणजे नुसती ढोलाची बंदी नव्हती. मुलींचा संघ त्याच मैदानावर खेळतो आणि दोन आठवड्यांनी तिची जिल्ह्याच्या संघासाठी निवड चाचणी होती, तीही तिथेच. मैदानाचं दार बंद झालं की पोरीचा खेळच संपला. हे कमळाताईंना पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी संध्याकाळी त्या ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या, तेव्हा निशा तणतणत आली. हे पुढे दोघींनीही मला सांगितलं, आणि दोघींचं सांगणं जुळलं.

"काकी, ढोल नको, घोषणा नको, मग करायचं काय आम्ही?"

"गप बसायचं. तुझ्या नावावर टपलीत ती."

"गप बसून त्यांचा ट्रक बघत राहू? त्यापेक्षा मैदानाकडे पाठ करून बसेन."

"बस की. मी तीन वर्सं पाठ करून उभी हाय. मना कंदी कोनी नाव विचारलं?"

कमळाताई हे सहज बोलल्या आणि पुन्हा सुकटीत डोकं घातलं. निशा मात्र जागची हलेना. मग एकदम उठली, काकीच्या गालाचा मुका घेतला आणि पळाली. दिवेलागणीला आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप आला: जुना निळा शर्ट घालून या. हाफटाइमनंतर मैदानाकडे पाठ. तोंडातून शब्द नाही.

रविवारी बंदोबस्तासाठी पूर्णाहून वीस नवे गार्ड आले. त्यांना सांगितलं होतं, आज कडक तपासणी करा. गोदामात कडक म्हणजे काय, तर माणूस आत जाताना त्याचा मोबाइल जमा करायचा. त्यांनी तेच केलं. दारात प्लॅस्टिकचे क्रेट मांडले, प्रत्येकाला टोकन दिलं आणि साडेआठशे मोबाइल जमा केले. भूपेश आला तोवर सगळे आत. तो आधी चिडला, मग खूश झाला, कारण निषेधाचा व्हिडिओ आता बाहेर जाणार नव्हता. मैदानातले सहाही कॅमेरे समोरच्या बाजूने आमच्या स्टँडवर रोखलेले होते. खेळावर एकही नव्हता.

हाफटाइमला शून्य-शून्य. शिट्टी वाजली आणि आम्ही सगळे उभे राहून वळलो.

पाठ करून सामना बघणं काय असतं हे केल्याशिवाय कळायचं नाही. माझ्यासमोर भिंत होती आणि भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या. भिंतीपलीकडे वळणावर एक कंटेनर अडकला होता. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारा एक माणूस आमच्याकडे आ वासून बघत होता. मागून बुटांचे आवाज, बॉलचा धप्प, रेफरीची शिट्टी. मान आपोआप वळायला बघायची. बायकोने मला दोनदा कोपर मारलं. तिलाही मी एकदा मारलं.

आणि मग ती आरोळी आली. "गेला गो बाय, गेला!"

कोणाचा गेला? कुठे गेला? निशा दबक्या आवाजात म्हणाली, "वळू नका. काकी आनंदाने ओरडलीय, म्हणजे आपलाच." आम्ही भिंतीकडे तोंड करून एकमेकांच्या गळ्यात पडलो. मी तर रडलो, उगाच कशाला लपवू? शेवटची शिट्टी होईपर्यंत कोणी वळलं नाही.

सामन्यानंतर भूपेशने कमळाताईंकडून रजिस्टर हिसकावून घेतलं. त्यात एकच नोंद होती. नाव: कमळा राघो भोईर. वेळ: पाच वाजून बत्तीस मिनिटं. मोडलेला नियम: मॅच पाहिली.

"ही काय मस्करी लावलीस?"

"मस्करी कसली, साहेब? जे बघितलं ते लिवलं. दुसऱ्या कोनी नियम मोडलाच न्हाय. पाठ करू नये असं बोर्डावर कुठं हाय?"

नव्हतंच. मीच छापला होता.

भूपेशने तरी कॅमेऱ्यांची सगळी चित्रं तपासली म्हणतात. जुन्या शर्टांच्या पाठीवर ना नाव ना नंबर. निशाला शोधायचं तर साडेआठशे पाठींतून कुठली पाठ तिची, हे सांगणार कोण?

मंगळवारी दुपारी कमळाताई माझ्या दुकानात आल्या. एजन्सीने कामावरून काढल्याची नोटीस आली होती, तिच्या झेरॉक्स हव्या होत्या. निशाच्या चाचणीला बारा दिवस होते आणि तिचं नाव कुठल्याही यादीत नव्हतं. क्लब आमचा, मैदान आमचं, आणि ड्युटी गेली ती या बाईची. मी म्हणालो, "ताई, आमच्यापायी तुमचं नुकसान झालं."

"तुमच्यापायी न्हाय. मी वललेच ना? तुमी समद्यांनी तिकडं तोंड केलंत, मंग मी बघायचं कुनाकडं? पाठींकडं किती येल बघनार? थोडा येल बघितलं. मंग बोलले, बाय, आता वल."

नोटिशीला पुरावा म्हणून फोटो जोडला होता. मशीनवर ठेवण्याआधी मी तो उजेडात धरला. वरपासून खालपर्यंत निळ्या पाठी. आणि सगळ्यात खाली एकच चेहरा, कमळाताईंचा. टोपी मानेवर गेलेली, दोन्ही हात वर, तोंड उघडं, डोळे मोठे. तो चेहरा पाहून कोणीही सांगितलं असतं की गोल झालाय आणि आपलाच झालाय.

"कसा झाला?" मी विचारलं. एवढ्यासाठीच तर मी गावभर फिरत होतो.

त्यांनी काउंटरवरचं स्टेपलर उचलून बॉल केलं, पंचिंग मशीनचा गोल केला आणि सगळं दाखवलं. डाव्या कोपऱ्यातून बॉल आला, धोट्यासारखा सरळ आडवा. सागर दोघांच्या मधून वर उठला. डोळे खरंच मिटलेले होते. बॉल कपाळाला लागला, खांबाला लागला, जरा थांबल्यागत वाटला आणि आत गेला. मी पुन्हा दाखवायला लावलं. त्यांनी पुन्हा दाखवलं.

"मग? तीन वर्षांनी पहिला गोल बघितलात. कसं वाटलं?"

कमळाताईंनी स्टेपलर जागेवर ठेवलं.

"खरं सांगू, भाऊ? गोल झाला आन् मी लगेच मागं वलून बघितलं. सवय ना. येवढी मोठी गोष्ट झाली आन् एकाचंबी तोंड न्हाय. समद्या पाठी." त्या फोटोकडे बघत राहिल्या. "मना वाटलं, आता या गोलाचं व्हायचं कसं? मंग परत मैदानाकडं वलले आन् मीच वरडले."