देशमुखाचा पू

मी तोटीला हात लावला म्हणून कंपाउंडरनं तोटी धुतली. पितळी तोटी, दवाखान्याच्या पाण्याच्या टाकीची. चिंच लावली, राखेनं घासली. देवळातल्या समईला हेवा वाटावा अशी लखलखीत केली. मग मला म्हणाला, "किती डाव सांगितलं? तू पाणी वरून घ्यायचं. कुणी वाढलं तर."

कुणी वाढलं तर.

सरकारी दवाखान्यात मी आया. माझी आई मांगवाड्यातली सुईण. अर्ध्या तालुक्याची नाळ तिनं कापली. निजामाचीसुद्धा तिनंच कापली असती, हैदराबादेहून बैलगाडी वेळेवर आली असती तर. म्हणून मला बाळंतिणीच्या खोलीत घेतलं. रक्त पुसायचं, वार पुरायची, चादरी धुवायच्या. तोटी सोडून सगळ्याला हात लावायचा.

खोलीच्या दारावर पाटी आहे. निजामाच्या राजात उर्दूत होती, राज बदललं तशी मराठीत आली. आत जाण्याआधी हात धुवा. मला वाचता येत नाही, पण डॉक्टर ती सगळ्यांकडून म्हणवून घेत, शाळेतल्या पाढ्यासारखी. म्हणायचे सगळे. धुवायचे कधी? मला शिवल्यावर. माझी सावली पडली तर कोपरापर्यंत. वामनराव कंपाउंडरनं माझ्यापायी इतका साबण संपवला की पूर्णा जंक्शनातली सगळी काळी इंजिनं गोरी झाली असती. लोक हसायचे. मीही हसायची.

कौसा आली तोवर.

कौसा बोरीकडची, पहिलटकरीण. गाडीतून उतरली ती माझा पदर धरूनच. "आक्का, तुमी जाऊ नगा." मी म्हणलं, "कुटं जाते गं मी?"

डॉक्टर परभणीला गेलेले. नर्स माहेरी. वामनराव बाहेर ओसरीत गावच्या देशमुखाच्या मांडीचं गळू फोडायला बसलेला. वाटीभर पू निघाला. एरवी मी घागरभर म्हणाले असते. इथं नाही म्हणत. वाटीभरच होता. आत कौसाच्या कळा वाढल्या. वामनरावनं हात धोतराला पुसले आणि गळवाची तीच कात्री घेऊन आत आला.

मी चिलमची, हात धुवायचं पसरट भांडं, पाणी भरून पुढं केली, साबण पुढं केला. "हात धुवा, वामनराव."

"देशमुखाचं अंग हाय ते. त्याचा कशाचा विटाळ?"

मग त्याचं लक्ष गेलं की चिलमची मी धरलीय. पाणी ओतून दिलं. माझ्या दंडाला न शिवता, नुसत्या बोटानं दार दाखवलं. मी बाहेर. कडी लागली. आतून कौसा हाका मारायली, आक्का, आक्का.

पोर जगलं. कौसा तापली. अंगाला हात लावला की पोळायचा. हुडहुडी भरायची. चादरी बदलून बदलून वास जाईना. मग ती गेली.

तिचा नवरा ओसरीत उभा होता. वामनराव त्याला माझ्यादेखत म्हणाला, "हिनं आतल्या भांड्याला हात लावला. मांगिणीचा हात. ताप येईल न्हाई तर काय?"

नवऱ्यानं मला शिवी दिली नाही. दिली असती तर मी परत दिली असती, मला लय येतात. तो माझ्या पायाजवळ थुंकला. आणि पोर पोटाशी धरून माझ्यापासून लांब सरकला.

तेव्हापासून कौसा येते. भर दुपारी, मी चादरी पिळत असले की. "आक्का, कुटं गेल्ता तुमी?" भुतांच्या गोष्टी मला ढिगानं येतात, सगळ्या खोट्या. ही सांगताना मी एक शब्दही वाढवत नाही.

पुढं एका दुपारी दुसरी बाई अडली. वामनराव कुणाची तरी चिघळलेली जखम बांधून, हात पुसत दाराशी आला. मी दारात. या वेळी चिलमची नाही, साबण नाही. मी त्याची दोन्ही मनगटं धरली. दाबून धरली. मग त्याच्या हातातली कात्री धरली.

तो खांबासारखा उभा. "मला शिवलीस?"

"शिवले की, वामनराव. चांगली शिवले."

टाकीकडं पळाला. साबण, राख, पुन्हा साबण. कात्री उकळत्या पाण्यात टाकली. इतके स्वच्छ हात त्या खोलीनं कधी पाहिले नव्हते. बाई पोर घेऊन चालत गाडीपर्यंत गेली.

तक्रार डॉक्टरांकडं गेली. त्यांनी विचारलं, "मुद्दाम शिवलीस का गं?"

"व्हय साहेब. शिवाशिव तर सरकारनं बंद केलीय. मग ह्यांची तक्रार कशाची हाय, ते तरी इचारा."

डॉक्टर पाटीकडं बघत बसले.

मांगवाड्यात ही गोष्ट मी रंगवून सांगते, पोट धरून हसतात सगळे. मी हसत नाही आता. त्यानं हात धुतले ते मला धुवून काढायला. त्या बाईपायी नाही. देशमुखाचा पू अजून सोवळाच आहे.

पण विटाळ माझ्या बोटांत नव्हता. त्या वाटीत होता. कौसाला तिथून मरण आलं, आणि नाव माझं लागलं. ते नाव मी घेणार नाही. कंपाउंडर येवो, नर्स येवो, खुद्द डॉक्टर येवो. ओले हात घेऊन आला तर वाट मोकळी. कोरडे असले तर मनगट धरणार, आणि का धरलं ते तोंडावर सांगणार. काढून टाका, बदली करा, माणसं बोलवून ओढा.

कौसाला म्हणलं होतं, कुटं जाते गं मी. आता त्या दारातून मी कुठंच जात नाही.