डेल्फिया रॅटलिफचं जड रिव्हॉल्व्हर

त्या गुलाबी मुठीच्या रिव्हॉल्व्हरचं आणि डेल्फियाचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. मुलानं, रॅन्डलनं, ते लेक्सिंग्टन शहरातून, तो राहतो तिथून, आणलं होतं, खोक्याला फीत बांधून. पाच गोळ्यांचं, बोटभर नळीचं, आणि हलकं इतकं की हातात मीठदाणी धरल्यासारखं वाटावं.

"खास बायकांसाठी काढलंय," तो म्हणाला. "पर्समध्ये टाकलंस तरी कळणार नाही."

डेल्फियानं मूठ पाहिली, मग लेकाकडे पाहिलं. "हा रंग माझ्या अंगावर कधी बघितलायस तू?"

"आई, तू रंगाचं काय घेऊन बसलीस?"

बरं, रंगाचं राहू द्या. पण बाईचे हात तरी त्यानं बघायचे की नाही? सदुसष्ट वर्षांची बाई. एकतीस वर्षं गावातल्या कपड्यांच्या कारखान्यात कामकरी पँटींना खिसे लावले तिनं. दुसरं काही नाही, फक्त खिसे. कारखाना बंद पडला, मशीनं गेली आणि बोटांच्या पेरांना सुपारीएवढ्या गाठी ठेवून गेली. नवरा डॉर्सी खाणीतला माणूस, छातीत कोळसा साठवून तीन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून ती आमच्या खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला, रस्ता संपतो तिथल्या घरात एकटी राहते. रस्ता संपतो म्हणून लोक तिची कीव करतात. तिला मात्र तेच आवडतं. जो येतो तो तिच्याकडेच येतो.

तर एप्रिलातल्या एका बुधवारी दुपारी तीन वाजता एक जण तसा आला. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून बीन्स निवडत होती, खडे बाजूला, बीन्स पातेल्यात. मागचं दार उघडून तो सरळ आत आला. टोपी डोळ्यांवर ओढलेली. डॉर्सीच्या उरलेल्या दुखण्याच्या गोळ्यांसाठी आलेला. त्या दिवसांत आमच्याकडे त्या गोळ्यांच्या नशेपायी लोकांनी आयांचे दागिने विकले होते. डेल्फिया उठायला गेली. तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "आजी, बसून राहा."

आणि ती बसली.

त्यानं कपाट उपसलं, गोळ्या घेतल्या, डॉर्सीचं घड्याळ घेतलं. तिच्याच नळाचं पाणी तिच्याच पेल्यातून प्यायला, पेला ओट्यावर ठेवला आणि निघून गेला. ती बसलेलीच. शेरीफचा माणूस यायला पन्नास मिनिटं लागली. रॅन्डलला तिनं फोनवर सांगितलं, मी तेव्हा चर्चमध्ये गोधडी शिवायला गेले होते. आयुष्यात लेकाशी ती इतकं धडधडीत खोटं कधी बोलली नव्हती. गोळ्या गेल्या, घड्याळ गेलं, त्याचं तिला एवढं नव्हतं. पण आपण बसलो, हे काही केल्या तिच्या घशाखाली उतरेना.

रॅन्डलचं एकच पालुपद सुरू झालं: घर वीक आणि माझ्याकडे चल. पोरगा वाईट नाही. आईची काळजी करतो, फक्त काळजी करताना तिच्याशी दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलतो. शेवटी दोघांचं ठरलं, आणि तेव्हाच तो ते गुलाबी रिव्हॉल्व्हर घेऊन आला. त्या काळी लपवून हत्यार बाळगायला परवाना लागायचा, आणि परवान्यासाठी परीक्षा. सात यार्डांवर माणसाच्या आकाराचा कागद, वीस गोळ्या, निदान अकरा लागायला हव्यात. डेल्फिया पास झाली तर रॅन्डल घराचं नाव काढणार नाही. नापास झाली तर ती घराच्या कागदांवर निमूटपणे सही करणार. तिनं शब्द दिला. आणि रॅटलिफांच्या घरात दिलेला शब्द परत घेण्याची पद्धत नाही.

पहिल्या शनिवारी ती नापास झाली. वीसपैकी सात.

त्या गुलाबी अवलादीनं तिचा हात फोडला. चाप इतका जड की ओढता ओढता नळी खाली जायची, आणि बार निघाला की झटका सरळ अंगठ्याच्या बेचक्यात. दहाव्या गोळीनंतर ती बार निघायच्या आधीच डोळे मिटू लागली. परीक्षा घेणारा व्हर्जिल मलिन्स राज्य पोलिसांतून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. आमच्याकडे वडीलधाऱ्या बायकांना मानानं 'मिस' म्हणतात, तसं तो एवढंच म्हणाला, "मिस डेल्फिया, पुढच्या शनिवारी एकदा पुन्हा या." रॅन्डलनं रविवारी टपालपेटीशेजारी खांब ठोकला आणि त्यावर 'घर विकणे आहे' ही पाटी लावली. फोन नंबराची जागा तेवढी कोरी ठेवली.

"एक आठवडा," तो म्हणाला. "मग नंबर लिहीन."

"खांब खोल ठोकलायस," डेल्फिया म्हणाली.

"वाऱ्यानं पडू नये म्हणून."

"हं."

सोमवारी सकाळी ती हॉबर्ट कॉडिलच्या दुकानात गेली. दुकानात एका भिंतीला बंदुका, दुसरीला मासेमारीचं सामान, आणि मधल्या स्टोव्हभोवती कॉफीचे कप घेतलेले दोन-चार म्हातारे. उन्हाळ्यात स्टोव्ह बंद असला तरी ते असतातच. हॉबर्ट तिच्या शाळेतला, तिच्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून ती त्याला अजून लहानच समजते. तिनं गुलाबी रिव्हॉल्व्हर काढलं, गोळ्यांची चकती उघडून रिकामी असल्याचं दाखवलं आणि ते तसंच उघडं काउंटरवर ठेवलं.

"हे घे, आणि मला माणसाचं दे."

स्टोव्हपाशी कुणीतरी खुसखुसलं. हॉबर्टनं ते हातात घेतलं. "डेल्फिया, हे चांगलं आहे गं. बायका हेच नेतात. हलकं, खिशात मावणारं."

"बायका नेतात की तू देतोस?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी आत आल्यावर तू माझे केस बघितलेस, पांढरे. पर्स बघितलीस, छोटी. हात नाही बघितलेस." तिनं दोन्ही हात काउंटरवर पसरले. अंगठ्याच्या बेचक्यात अजून काळंनिळं होतं. "हलकं तेवढं जोरात लाथ मारतं, हे तुला ठाऊक नाही असं म्हणू नकोस. रानडुकरांच्या शिकारीला गेलेला माणूस तू."

हॉबर्ट कानामागे खाजवत बसला. स्टोव्हपाशी आता कुणी हसेना. मग त्यानं विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?"

"दहा सेंटचं नाणं आहे का?"

ही युक्ती तिच्या बापाची. रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर, नेम धरायच्या पुढच्या खुंटीच्या, म्हणजे माशीच्या, मागे, नाणं आडवं ठेवायचं आणि चाप पूर्ण ओढायचा. नाणं पडलं तर ते हत्यार तुमचं नाही. तुमचा हात त्याला नाही म्हणतो. एरवी आमच्याकडे लोक रिव्हॉल्व्हर निवडतात ते खिसा बघून. किती लहान, किती पातळ, शर्टाखाली उठून दिसतं की नाही. मग ते नेमाला येत नाही आणि कपाटात पडून राहतं. अर्ध्या खोऱ्याच्या कपाटांत अशी पाच गोळ्यांची पडून आहेत, विचारा कुणालाही.

हॉबर्टनं एकेक काढलं. प्रत्येकाची चकती उघडून दाखवायची, मग तिच्या हातात द्यायचं. ती दर वेळी विचारायची, "ओढू?" तो मान हलवायचा. ती भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याकडे नेम धरायची. टिंग. नाणं फरशीवर. दुसरं, टिंग. तिसऱ्याला तर चाप अर्ध्यावरच अडकला आणि तिच्या बोटातून कळ थेट कोपरापर्यंत गेली. चौथं, टिंग. दर वेळी नाणं वाकून तीच उचलायची. एका म्हाताऱ्यानं उचलून द्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे, मला वाकता येतं."

सात झाली. डेल्फियाचा चेहरा उतरला. तिला ती कोरी जागा दिसत होती, रॅन्डलचा काळा पेन दिसत होता.

"अजून काय आहे?"

"नवीन नाही आता काही." हॉबर्ट जरा घुटमळला. "एक जुनं आहे. पण ते तुला नको, फार जड आहे."

"बघू."

त्यानं खालच्या कप्प्यातून फडक्यात गुंडाळलेलं काढलं. बँकेच्या एका पहारेकऱ्याचं होतं, तो वारल्यावर त्याच्या बायकोनं आणून दिलेलं. अडतीस कॅलिबरचं, सहा गोळ्यांचं, सगळं पोलादी, तीन इंची नळी, वरचा निळा रंग कडांना झिजून पांढरा पडलेला. लाकडी मूठ माणसाच्या घामानं काळी झालेली. डेल्फियानं ते उचललं. जड होतं खरं. पण जडपणा हाताच्या तळव्यात नीट बसला, भरल्या कढईची दांडी बसावी तसा. तिनं नाणं ठेवलं, श्वास घेतला. पहारेकऱ्यानं वर्षानुवर्षं सराव करून चाप पार मऊ करून ठेवला होता. चाप मागे आला, घोडा उठला, पडला. खट.

नाणं जागच्या जागी.

तिनं पुन्हा ओढलं. सहा वेळा ओढलं. मग नाणं उचलून हॉबर्टच्या हातावर ठेवलं.

"हेच."

"अगं पण लपवशील कुठे? तुझ्या पर्सचा बंद तुटेल. कोटात टाकशील तर कोट एका बाजूनं लोंबेल, बाई काय घेऊन फिरते ते आंधळ्यालाही कळेल."

"हॉबर्ट, मी आयुष्यभर काय केलं?"

हॉबर्टला उत्तर सुचलं, पण उशिरा. तोवर ती फॉर्म भरायला लागली होती. तिच्या नावावर काही गुन्हा नाही ना, याची फोनवर चौकशी होऊन हिरवा कंदील मिळाला, गुलाबीची अदलाबदल झाली, आणि मंद बाराच्या, सपाट तोंडाच्या गोळ्यांची चार खोकी तिनं घेतली. मागच्या कुरणात रोज दुपारी पन्नास बार. अंगठा दुखला नाही, डोळे मिटले नाहीत.

बुधवारी ती घरच्या शिलाई मशीनवर बसली. डॉर्सीच्या जुन्या बुटाचं कातडं कापलं, चाप पूर्ण झाकेल असं म्यान शिवलं. तपकिरी लांब जाकिटाच्या आत डेनिमचा दुहेरी खिसा लावला, आणि खिशाच्या तोंडापासून खांद्याच्या शिवणीपर्यंत एक पट्टी चढवली, म्हणजे वजन कापडावर न येता हाडावर यावं. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचं शिसं अस्तरात. तीनदा उसवलं, तीनदा शिवलं. चौथ्यांदा आरशासमोर उभी राहिली तेव्हा जाकीट सरळ पडलं होतं. तिला इतका आनंद झाला की कुणीच नव्हतं तरी ती मोठ्यानं म्हणाली, "आता बोला."

शनिवारी रॅन्डलनंच तिला गाडीतून मलिन्सच्या मैदानावर आणलं, हातात घराच्या कागदांची फाईल घेऊन. मलिन्सनं डेल्फियाला आपादमस्तक न्याहाळलं.

"मिस डेल्फिया, हत्यार गाडीत राहिलं का?"

"शोधा."

त्यानं एकदा तिच्याभोवती चक्कर मारली. चाळीस वर्षं लोकांच्या कमरा बघितलेला पोलीस तो. पुन्हा समोर येऊन टोपी मागे सारली. "नाही दिसत बुवा."

तिनं हात आत घातला आणि काढलं. मलिन्सनं रॅन्डलकडे एकदा पाहिलं.

वीस गोळ्या झाल्या. घाई नाही, अडखळणं नाही. कागद जवळ आणला तर एकोणीस छातीत, मुठीएवढ्या जागेत, आणि एक वर, कपाळाच्याही वर, कडेला.

"ही कशी सुटली?" मलिन्सनं विचारलं.

"सुटली नाही. तिथे टोपी असते, डोळ्यांवर ओढलेली."

मलिन्सला काही उमगलं नाही. त्यानं टेबलावर परवान्याचे कागद मांडले, पेन दिलं, खुर्ची ओढली. "बसा, सही करा."

डेल्फियानं उभ्यानंच वाकून पेन घेतलं.

"आई, बस ना," रॅन्डल म्हणाला. "तासभर उभी आहेस. गुडघे दुखतील."

"नको."

"अगं, खुर्ची समोर आहे, बसायला काय होतंय तुला?"

तिनं पेन खाली ठेवलं. "रॅन्डल, त्या बुधवारी मी चर्चमध्ये नव्हते. घरात होते, टेबलाशी. तो म्हणाला, आजी, बसून राहा. आणि मी बसले. तो माझ्या नळाचं पाणी पिऊन गेला आणि मी बीन्स पुढ्यात घेऊन बसले होते. तू मला लेक्सिंग्टनला नेऊन हेच म्हणणार होतास. गोड आवाजात म्हणाला असतास, एवढाच फरक."

रॅन्डल गोरामोरा झाला. फाईल त्यानं नकळत पाठीमागे नेली. "मला सांगितलं का नाहीस?"

"लाज वाटली म्हणून."

तिनं सही केली, उभ्यानं, पूर्ण नाव लिहून.

परतताना रॅन्डलनं टपालपेटीपाशी आपणहून गाडी थांबवली. उतरून खांबाला हात घातला, हलवला, ओढला. खांब काही निघेना. त्यानंच खोल ठोकलेला. "तू बस गाडीत, मी काढतो," असं त्याच्या तोंडून निघालं, आणि लगेच त्यानं जीभ चावली.

डेल्फिया तोवर उतरली होती. तिनं दुसऱ्या बाजूनं खांब धरला, गाठी आलेल्या दोन्ही हातांनी.

"पाटी टाकून देऊ नकोस," ती म्हणाली. "कोंबड्यांच्या खुराड्याचं दार मोडलंय. हं, लाव जोर."