साच्यावरचा बगळा

दुकानाची फळी उघडण्याआधी आई रोज पहिल्या सेनबेईवरून अंगठा फिरवायची. पानासारखी पातळ, गोड, कुरकुरीत बिस्किटं ती. पण पहिलं कुणी खायचं नाही, ते कोंबड्यांना.

आजोबांनी हवाई बेटांवरच्या हिलोत भट्टी घातली तेव्हा लांब दांड्यांचे आठ लोखंडी साचे जपानहून आणले होते. प्रत्येकात त्यांनी स्वतःच्या हाताने बगळा कोरलेला. आमच्या दुकानाचं नाव कुणी घेत नसे. लोक ‘बगळ्याची सेनबेई’ म्हणत.

पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले त्या आठवड्यात आमच्या जपानी आळीतल्या बायका हेर ठरू या भीतीने घरातलं जपानी ते सगळं जाळत होत्या, पुरत होत्या. बाबा पीठ आणायला गेले होते. आईने कानस घेतली आणि आठही बगळे घासून काढले. छापील वेष्टनं चुलीत घातली. बाबा वाचावेत म्हणून. ते रविवारी जपानी शाळेत शिकवत. चौथ्या दिवशी सैनिकांनी त्यांना छावणीत नेलंच.

चार वर्षांनी परतले. साचे हातात घेतले आणि म्हणाले, “सैनिकांनी घासले ना?”

आईने ‘हो’ अशी मान हलवली.

मग वीस वर्षं तेच. शेजारची कालानी मावशी विचारायची, “काय हो मोरिशिगे, बगळा उडाला कुठे?”

“लष्कराने भाजून खाल्ला,” बाबा म्हणायचे. दुकान हसायचं. आई भट्टीकडे आणखी वाकायची.

बाबा बाजारात अंडी घेता घेता कोसळले. अस्थी बौद्ध देवळात ठेवून आलो, तेव्हा साचे तिनेच घासले हे आईने मला सांगितलं. “आज सांगते, उद्या सांगते, करत राहिले गं.”

होनोलुलूत साचे पुन्हा कोरून देणारा होता. मी म्हटलं, तू चित्र काढून दे. ती पेन्सिल घेऊन बसली, कागदामागून कागद. साच्यावर बगळा उलटा, बिस्किटावर सुलटा. मान कुठल्या बाजूला होती? पाय एक की दोन? तिला दिसायचे ते फक्त कानशीखाली जाणारे तुकडे. कालानी मावशीला बोलावलं. तिने कागद उलटसुलट करून पाहिले.

“आम्ही मेले नुसते खात होतो गं, किकुए. बघत कोण होतं?”

आईने पेन्सिल ठेवली ती ठेवलीच.

पुढच्या आठवड्यात ती झोपेत गेली. त्या संध्याकाळी आडवी होताना एवढंच म्हणाली होती, “ते कागद टाकू नकोस. मागून कोरे आहेत, पुड्यांना होतील.”