साळूबाईनं बांधलेला आरसा

नेरे गावातली निम्मी माणसं आमच्या आत्याबाईंच्या नडग्यांवर न्हाऊन मोठी झाली आहेत. आत्याबाई म्हणजे माझी सासू, साळूबाई. पाटावर पाय लांब करून बसायचं, बाळ पालथं टाकायचं, अंगात तेल जिरवायचं, डाळीचं पीठ लावायचं आणि न्हाणं झालं की ओव्याची धुरी द्यायची. बाळ किती का बोंबलेना, त्यांचा हात ढळायचा नाही. हिंजवडीच्या कंपन्यांत कामाला असलेली, आमच्याकडं भाड्यानं राहणारी जोडपीसुद्धा बाळं घेऊन यायची. डॉक्टरांनी नको सांगितलंय म्हणायची आणि तरी यायची. अशा बाईच्या हातात बाळ द्यायचं नाही, असं गावानं ठरवलं. ज्या माणसापायी ठरवलं, त्याला मी सोडणार नव्हते. आत्याबाई तर त्याहून नव्हत्या.

तो माणूस म्हणजे जयसिंग, माझे चुलत दीर. तोंडावर मी त्यांना भावजी म्हणते, मनात काय म्हणते ते इथं सांगण्यासारखं नाही. रस्त्याकडची जमीन विकली तेव्हा त्यांनी मोठी गाडी घेतली. आता गाडी जुनी झाली, पण ऐट अजून नवीच आहे. आतलं बटण दाबलं की बाहेरचे आरसे आपोआप वळतात, हे त्यांनी त्या वेळी गावातल्या माणसागणिक दाखवलं होतं. म्हशी धुणाऱ्यांनासुद्धा दाखवलं.

आत्याबाईंनी एक कालवड वाढवली होती. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून तिचं नाव चांदी. गाय व्याल्यावर मेली आणि आत्याबाईंनी हे वासरू बाटलीनं दूध पाजून जगवलं. माझा नवरा कंपनीची बस चालवतो, तो दिवसभर घरी नसतो, मी दुकानात असते, तेव्हा बाळांची न्हाणी उरकली की आत्याबाईंच्या मागं मागं ही चांदी.

त्या दुपारी मी दुकानात होते. दुकान म्हणजे घराच्या पुढच्या खोलीला शटर लावलंय, तेच. लग्नाआधी मी पिरंगुटला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत होते, लाइनवर उभी राहून वायरी जोडायचे. तेच काम इथं करते, हॉर्न, लाइट, वायपर, काय बिघडलं असेल ते. मागच्या बोळात धप्पकन आवाज झाला, पण समोरच्या गाडीचा हॉर्न उघडून ठेवलेला, मला वाटलं कुणाची भिंत पाडतायत. जरा वेळानं आत्याबाईंची किंकाळी ऐकून पळाले. चांदी कुंपणाकडेला पडलेली, तोंडातून रक्त, आणि जयसिंगभावजींची गाडी बोळातून भुर्रकन बाहेर पडलेली.

संध्याकाळी आम्ही दोघींनी पारावर विचारलं तर भावजी म्हणतात, "काकी, तुमची कालवड आदीच पडल्याली व्हती. म्या तर गाडी बाजूनं काढली." गाडी तिथंच उभी होती, कशी लखलखीत धुतलेली. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आत्याबाई मात्र गाडीकडं बघत राहिल्या आणि मग चारचौघांत कडाडल्या, "माघारी काय हाय त्ये दिसावं म्हनून आरसं असत्यात न्हवं रं गाडीला? नगं बघूस तू. एक दिस आरसाच तुझ्यावरनं तोंड फिरवंल, ध्यानात ठिव!"

आणि काय सांगू, फिरवलं की हो!

चार-सहा दिवसांत भावजींनी किल्ली फिरवली की उजवा आरसा कुईं कुईं करत खाली जमिनीकडं, डावा वर आभाळाकडं. बटण दाबून सरळ करावेत तर बटण ऐकेना. हातानं ढकलून जागेवर आणावेत तर पुढच्या वेळी किल्ली फिरवली की पुन्हा तेच. झालं! साळूबाईनं आरसा बांधला, म्हणजे करणी केली, असं भावजींनीच बोलायला सुरुवात केली. शेजारची धोंडाबाई ती बातमी घेऊन घरोघर हिंडली. तिला फुकटात मिळालेलं काहीही वाटायला आवडतं.

आधी एक बाळ यायचं बंद झालं, मग दुसरं. कुणाला सर्दी झाली, कुणाची आजी आलीय. जयसिंगची सून जुईली बाळंत झाली, मुलगी झाली. ज्या जयसिंगला आत्याबाईंनी सव्वा महिना पायांवर घेतलं होतं, त्याच्याच नातीवर त्यांची सावली पडू नये म्हणून त्या घरानं दार लावून घेतलं. तरी आत्याबाई रोज सकाळी बंब पेटवायच्या, पाट मांडायच्या, तेल कोमट करायच्या. एक दिवस त्यांनी पाट उचलला, भिंतीला उभा करून ठेवला आणि मला म्हणाल्या, "कल्पने, हात रिकामं झालं गं माझं." माझं काळीज तुटलं. त्या क्षणी जयसिंग समोर असता तर मी हातातला पाना त्याच्या टाळक्यात घातला असता.

मी म्हटलं, पोलिसांत जाऊ, असल्या गोष्टींना कायदा आहे आता. आत्याबाई म्हणाल्या, "पोलीस त्याला धरून न्हेतील. मला बाळं आनून देतील व्हय? त्यानंच तोंडानं सांगायला पायजे. समद्यांम्होरं." तेव्हापासून त्या वाट बघत बसल्या. मला कळत होतं, त्या गप्प आहेत पण थंड नाहीत.

तिकडं भावजींनी कुठला तरी भगत गाठला. त्यानं दर शनिवारी लिंबू कापून आरशावर आणि दारातल्या बटणावर पिळायला सांगितलं. लिंबू पिळलं की आरसे आणखी चेकाळायचे. आरसे चेकाळले की करणी जबर आहे म्हणून आणखी लिंबू. आगीत तेल ओतावं तसं चाललेलं. शोरूमवाल्यांनी सांगितलं, या मॉडेलचं सामान यायचं बंद झालंय. बावधनच्या एका मेकॅनिकनं तर सगळं दारच बदला म्हणून हात झटकले. मग एके दिवशी चांदणी चौकात मागून येणारा टँकर दिसला नाही आणि भावजी थोडक्यात वाचले. भावजी टरकले. भगत म्हणाला, जिनं बांधलंय तिच्याच उंबऱ्यावर सुटेल.

म्हणून स्वारी आमच्या दारात.

"वैनी, काकी हायेत का?"

"का हो भावजी? लिंबं संपली का?"

आत्याबाई पदर खोचत बाहेर आल्या. भावजींनी मान खाली घातली. "काकी, झालं गेलं इसरा. त्येवढं आरशाचं सोडा."

मी चांगलं खडसावायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "सोडते की. मीच बांधलाय, मीच सोडनार."

मी गारच पडले!

"गाडी हितं ठिव," आत्याबाई म्हणाल्या. "आयतवारी सकाळी ये. घरच्यांना घिऊन ये. गल्लीतल्या बायकांना बी बोलाव. चार मानसं नसली तर सुटायचं न्हाई."

भावजी किल्ली ठेवून गेल्याबरोबर मी उसळले. "आत्याबाई, हे काय केलंत? आता खरंच चेटकीण म्हणतील."

"म्हनू दे. आता काय आरती ओवाळत्यात व्हय? चेटकीन झाल्याबिगर त्यो माझ्याम्होरं वाकनार हाय का? तू तुझं काम कर. आरशाला काय रोग झालाय त्ये बग."

मी ड्रायव्हरच्या दाराचं आतलं कव्हर काढलं. बटणाची पट्टी उलटी केली आणि हसावं की रडावं कळेना. आत सगळं हिरवंगार गंजलेलं, चिकट, आणि मधोमध अडकलेली लिंबाची बी. आतल्या तांब्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून करंट नको तिथं जात होता, म्हणून किल्ली फिरवली की आरसे स्वतःहून चालायचे. लिंबाच्या आंबट रसानं तांबं खाल्लं होतं, यात शंका नव्हती. पण रसाच्या खाली आणखी एक थर होता, बारीक लाल मातीचा. दाराच्या तळाशीही तोच गाळ वाळून बसला होता. लिंबात माती नसते. विहिरीच्या पंपाच्या पाण्यात असते. या दारावर कुणीतरी आतून पाइप मारला होता. गाडी बाहेरून सगळेच धुतात, दार उघडून आतून कोण धुतो?

आणि मला ती पारावरची लखलखीत गाडी आठवली.

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं तेव्हा त्यांचा हात सुपातच थांबला. मग म्हणाल्या, "चांदीला चाकाखालनं वडलं आसंल त्यानं. हात माखलं आसतील." डोळे भरले, पण पुसले नाहीत. "आरसं नीट कर. पन काय बिघडलं व्हतं त्ये आयतवारपातूर कुनाला बोलू नगंस."

मी भंगारातून त्याच मॉडेलचं बटण शोधून आणलं. बॉडीतून दारात जाणाऱ्या वायरी ज्या रबरी नळीतून जातात, तिथं एक वायर आतल्या आत तुटली होती, ती जोडून पक्की केली. डावा, उजवा, वर, खाली. दोन्ही आरसे शहाण्या पोरांसारखे ऐकायला लागले. खराब बटण मी बीसकट फडक्यात बांधून ठेवलं. इतक्या आनंदानं मी आजवर कुठलं काम केलं नसेल.

रविवारी अंगण भरलं. धोंडाबाई सगळ्यात पुढं. जुईली बाळाला घेऊन कुंपणाबाहेरच थांबली होती. मी आरसे आधीच फिरवून ठेवले होते, एक जमिनीकडं, एक आभाळाकडं, आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते. आत्याबाई गाडीसमोर पाट मांडून बसल्या. भावजींनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आदी चांदीचं सांग," आत्याबाई म्हणाल्या. "खरं बोललास तर वळंल आरसा. खोटं बोललास तर माझ्या हातात न्हाई."

भावजींनी इकडं तिकडं पाहिलं. "काकी, म्या सांगितलं की तवा."

आत्याबाईंनी आरशाकडं बोट केलं. आरसा ढिम्म. भावजींच्या कपाळावर घाम आला.

"रिव्हर्स घेताना... दिसली न्हाई."

"दिसली न्हाई का बघितलं न्हाईस?"

"बघितलं न्हाई."

"मोट्यांदा!"

"बघितलं न्हाई काकी! चाकाखाली गेली. वडून काढली तिला. हाताला रगात लागलं, त्ये दाराला लागलं, बटनाला लागलं. घरी जाऊन पंपाचा पाइप लावला आन् समदं आतनं धुतलं."

"जित्ती व्हती का, वडलीस तवा?"

भावजींनी मान हलवली. होती.

आत्याबाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी हात वर केला, मी बटण दाबलं. कुईं करत उजवा आरसा वर आला, डावा खाली आला. बायकांच्या तोंडून "अगं बया!" निघालं, धोंडाबाईनं तर हातच जोडले. मी खाली उतरले आणि फडकं सोडून ते खराब बटण भावजींच्या तळहातावर ठेवलं.

"ही घ्या तुमची करणी. पाणी तुम्ही मारलंत, लिंबू तुमच्या भगतानं पिळलं. बी अजून आत आहे, बघा. आत्याबाईंनी काही बांधलं नव्हतं, मी दुसरं बटण बसवलंय." आणि उघड्या दारातून हात घालून मी आरसे सगळ्यांना पुन्हा खाली-वर करून दाखवले, भावजी पूर्वी दाखवायचे तसेच.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग अंगणभर हसू पसरलं. भावजी लालबुंद झाले. "काकी, मंग तुमी बांधलाय का म्हनलात?"

"तू खोटं बोललास तवा माझी बाळं ग्येली. मी बोलले तर तुझं काय ग्येलं रं?"

धोंडाबाई पुढं सरसावली. "जाऊ द्या साळूबाई, लेकरू हाय तुमचं. पदरात घ्या."

"लेकरू चांदी व्हती," आत्याबाई म्हणाल्या आणि पाट उचलून आत गेल्या. माफ केलं म्हणाल्या नाहीत, आजतागायत म्हणाल्या नाहीत. मलाही ते बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुईली आली, कुशीत मुलगी. मागं भावजी, तोंड पाडून. आत्याबाईंनी पाट मांडला, पाय लांब केले, बाळाला घेतलं. इतक्या दिवसांनी त्यांच्या हातांना काम मिळालं होतं, पोरीच्या पाठीवरून ते असे फिरत होते की मला बघवेना. तेल जिरलं, पीठ लागलं. जुईलीनं पाणी घालायला तांब्या उचलला.

"तू ऱ्हाऊ दे, बाळंतीन हायेस," आत्याबाई म्हणाल्या. "ह्यो घालंल."

भावजींनी गल्लीकडं पाहिलं. तीन बायका आपापली बाळं घेऊन कुंपणाशी नंबर लावून उभ्या होत्या. जुईलीनं तांब्या सासऱ्याच्या हातात दिला. "घाला मामंजी, पानी निवतंय."

भावजी पाटाशेजारी उकिडवे बसले. आत्याबाईंनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"घाल रं," त्या म्हणाल्या. "धुवायची तुला सवय हाय."

पोरगी मोठी होईपर्यंत रोज यायचंय भावजींना.