सरावातला हट्टी म्हातारा

अन्सेल्मो हा गावातला सगळ्यात भित्रा माणूस. लांब कुठे वीज कडाडली तरी तो कानांत बोटं घालून बसायचा. कोळ्यांच्या गावात जन्मून त्याने आयुष्यभर डुकरं पाळली ती याच कारणाने. तरी उभ्या किनाऱ्यावर त्याचं नाव झालं ते घर न सोडणारा म्हणून!

त्याचं असं झालं. क्यूबाच्या त्या किनाऱ्यावर वादळांचा मोसम लागण्याआधी गावोगाव घरं रिकामी करायचा सराव होतो. भोंगा वाजतो, ट्रक येतो, लोक टीव्ही आणि कोंबड्या घेऊन टेकडीवरच्या शाळेत जातात आणि कॉफी पिऊन परततात. या सरावात एक हट्टी म्हातारा लागतोच. अडून बसलेल्याला बाहेर कसं काढायचं, हे स्वयंसेवकांना शिकायला नको? एका वर्षी ही भूमिका अन्सेल्मोच्या गळ्यात पडली आणि त्याने ती अशी वठवली की बघणारे गार झाले. पलंगाखाली शिरला, डुकराला मिठी मारली, "बायको बाजारातून आल्याशिवाय हलणार नाही," म्हणाला. बायको जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. पुढे शेजारची गावंही त्याला बोलावू लागली. दोन घोट रमवर तो कुठेही जाऊन मनसोक्त हट्ट करून यायचा. मान कोणाला नको असतो?

मग सप्टेंबरात खरं वादळ आलं.

भोंगा वाजायच्या आतच अन्सेल्मो गाठोडं काखेत मारून, डुकराला दोरी बांधून दारात उभा. ट्रक आला आणि समोरून निघून गेला. स्वयंसेवकांची पुढारी युस्लेदी, जिला त्याने अंगाखांद्यावर खेळवलं होतं, ती वरून ओरडली, "काका, तुमचा नंबर शेवटी! तुम्हाला लई वेळ लागतो!"

"अगं, मी तयार आहे!"

"यंदा नवीनच काढलंय वाटतं!" ट्रकमधले पोट धरून हसले. तो मागे धावला, तर आणखीच हसले.

शेवटचा ट्रक आला तेव्हा समुद्र अंगणात शिरला होता.

"तयार आहात ना काका?" युस्लेदी वरून म्हणाली. "मग चालत या. अडून बसलेल्यांना उचलायलाच माणसं पुरेनात!"

अन्सेल्मोने पाण्यात एक पाऊल टाकलं. दुसरं उचलेना. भीतीने पायच गेले होते. ट्रक सुरू झाला. तेव्हा कसाबसा मागे वळून तो घरात शिरला, कडी लावली आणि होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडला, "मी येणार नाही! मेलो तरी येणार नाही!"

करकचून ब्रेक लागला. घोटून घेतलेला धडा तो. विचार करायच्या आत चौघं उडी मारून धावले. दार मोडलं, म्हाताऱ्याला पलंगाखालून ओढलं, डुकराला खांद्यावर घेतलं.

"झकास, काका! आजवरचं सगळ्यात भारी!" कोणीतरी म्हणालं आणि ट्रकमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

अन्सेल्मो युस्लेदीच्या गळ्याला मिठी मारून बसला होता. ती हसत हात सोडवायला गेली, पण ते सुटेनात. म्हाताऱ्याचे दात वाजत होते, पायजमा ओला झाला होता, आणि तो तिच्या कानात पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला मरायचं नाही गं, पोरी."

"टाळ्या बंद करा," युस्लेदी म्हणाली.