आत्याची चौथी खोली

नकुशी आत्याला जाऊन महिना झाला. शाळा माझी सातवीपातूर, लिहायची सवय न्हाई, मोबाइलवर बोलल्यागत टाइप करतोय. समजून घ्या.

आत्या म्हंजी आमच्या आप्पांची थोरली बहीण. कासुर्डीला दिलेली. नवरा वारला, लेकरूबाळ न्हाई. दिरांनी थोडं पैसं हातावर टेकवलं आन् ती हिकडं कारेगावला माहेरी आली. पडवीत झोपायची. पडवीला दार न्हाई, येणारा जाणारा तिच्या हातरुणाला वळसा घालून जायचा.

एक दिवस आप्पांना म्हणली, "रस्त्याकडंची जरा जागा दे. चार खोल्या बांधते. कंपनीतली पोरं भाड्यानं ऱ्हात्यात."

आप्पा म्हणले, "आक्का, बँकेत ठिव. बसून व्याज खा."

"व्याजात पाय पसरून झोपता येतंय व्हय?"

"आन् उद्या कंपनीनं पोरं काढली, खोल्या रिकाम्या पडल्या तर?"

"तर एकीत मी राहीन की!"

आप्पा हसले. आत्या न्हाई हसली.

आमची मेंढरं होती तवा आजा कळपातलं एक मेलंच आसं धरून चालायचा. आत्यानं तेच केलं. खोल्या चार, भाडं तिनाचंच धरायची. चौथीचं आलं की ते बाजूला. मोटार जळली, पत्रा गळला, संडासची टाकी भरली, सगळं त्यातनं. "हातात आलं ते समदं आपलं न्हाई खंड्या," मला म्हणायची, "खोली पण खाती."

भाडं वाढवायची घाई न्हाई. "शंभर जास्ती मागितलं आन् माणूस उठून गेला, मंग दोन महिने कुलूप. बुडालं कुणाचं?" त्यामुळं शेजारच्या चाळी रिकाम्या झाल्या तरी आत्याच्या भरलेल्या. बिहारची पोरं मौसी मौसी करायची.

पण कुणी खोली सोडली की पहिली झाडू घेऊन हीच. "ह्या बारीला मीच ऱ्हाणार."

माझी बायको रुपाली चिडवायची, "आत्या, डिपॉझिट किती देणार?"

"तुझ्या नवऱ्याकडनं घे. लहानपणी लई मुतलाय माझ्या मांडीवर."

संध्याकाळपातूर कुणीतरी बॅग घेऊन यायचं, आत्या चावी द्यायची. तिची गोळ्याऔषधं त्याच भाड्यावर. आप्पांकडं कवा रुपाया मागितला न्हाई.

फकस्त एकदा, दिवाळीला गावी गेलेली पोरं परत आलीच न्हाईत, तवा त्यांच्या खोलीत आठ दिवस राहिली. जुन्या साडीचा पडदा केला, श्टो मांडला, आन् आम्हाला चहाला बोलावलं. आमचंच अंगण वलांडून आम्ही पावणे! दारात उभी राहून म्हणती कशी, "या, बसा. चपला तिथं काढा." आप्पांनी पण गुमान काढल्या. मंग तिनं मला दार लावून दाखवलं. "आतनं कडी लागती बघ." परत उघडलं, परत लावलं.

नवव्या दिवशी एक जोडपं आलं. बाई पोटुशी, उन्हात भिंतीला टेकून उभी. आत्यानं तिच्याकडं बघितलं, पडद्याची घडी घातली आन् पडवीत आली. म्हणली, "माझं काय, परत रिकामी होईलच की."

झाली. आत्या गेल्यावर पंधरा दिवसांनी झाली. मी रंग दिला, पडदा लावला, तिचा श्टो मांडला. काल एक पोरगा आला, "भैया, रूम खाली है क्या?"

मी म्हणलं, "न्हाई. भरलीय."

रुपालीनं आयकलं. म्हणली, "किती दिवस ठिवायची अशी?"

"हिशेबात तीनच हायत," मी म्हणलं.

सकाळी केर काढायला मीच जातो. आतनं कडी लावलेली न्हाई हे मला ठाव हाय. तरी आधी दार वाजवतो, जरा थांबतो, मंगच ढकलतो.